अंधेरी ते श्यामला हिल्स : लिटल बॅले ट्रूपची वाटचाल

प्रास्ताविक

अवधपुरीतील मराठी कुटुंबांच्या या स्मरणिकेत आपल्या शहरातल्या एखाद्या संस्थेचा इतिहास असावा, असे संपादक मंडळाने ठरवले आणि ते काम माझ्याकडे सोपवले. संस्था कोणती घ्यायची, हा प्रश्न मला पडला नाही. बारा वर्षे कॉलनीच्या सामुदायिक भवनात संध्याकाळी मुलांना नृत्य शिकवते आहे. त्या बारा वर्षांत ज्या संस्थेच्या इतिहासाकडे मी अडचणीच्या वेळी पुनःपुन्हा वळले, ती आपल्याच गावात, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. आपण भेलच्या बाजूला पूर्वेला राहतो. ती पश्चिमेला, बड्या तलावाकाठच्या श्यामला हिल्सवर. तिचे नाव रंगश्री लिटल बॅले ट्रूप. भोपाळचे रंगकर्मी तिला नुसते ‘एलबीटी’ म्हणतात, आणि नाटके पाहायला तिथे गेलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांना ही मुळात आपल्या मुंबईची संस्था आहे हे ठाऊक नसते.

मुंबईत जन्म, ग्वाल्हेरला वास्तव्य आणि मग भोपाळ असा तिचा प्रवास. तिन्ही ठिकाणी मराठी कानावर पडत राहिलेली ही संस्था आहे. १९५२ साली ती स्थापन झाली. म्हणजे २०२७ मध्ये तिला ७५ वर्षे होतील. तो अमृतमहोत्सव जवळ येत असताना तिची हकिगत आपल्या मुलांना सांगावी, हा या लेखनामागचा हेतू आहे.

बॅले हा शब्द

आरंभीच एक खुलासा करायला हवा, कारण वर्गात नाव घालायला येणारे पालक पहिला प्रश्न तोच विचारतात. बॅले म्हटले की पांढरा घोळदार झगा, रेशमी बूट आणि पायाच्या अंगठ्यांवर तोललेले शरीर डोळ्यांपुढे येते. ती युरोपातली शास्त्रोक्त परंपरा. मुंबईत तुषना डॅलस यांच्या शाळेत १९६६ पासून ती रीतसर शिकवली जाते. पण आपल्याकडे या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला, आणि तोही आता जुना झाला आहे. अनेक नर्तकांनी मिळून संगीत, वेश आणि हालचालींतून सलग कथा उभी करायची, त्यासाठी शास्त्रीय, लोकनृत्याची आणि नव्याने शोधलेली अशी कुठलीही हालचाल वापरायची, या प्रकाराला विसाव्या शतकात बॅले म्हणू लागले. मराठीत आपण नृत्यनाट्य किंवा नृत्यनाटिका म्हणतो.

या प्रकाराची वाट उदयशंकर यांनी मोकळी केली. १९२३ साली लंडनमध्ये आन्ना पावलोवा या थोर रशियन बॅलेरिनाबरोबर ते भारतीय विषयांवरच्या नृत्यांत उभे राहिले, आणि तिच्याच सांगण्यावरून आपल्या देशाच्या नृत्याकडे वळले. पुढे १९३८ साली त्यांनी हिमालयाच्या पायथ्याशी अल्मोडा इथे कलाकेंद्र काढले. तिथे शंकरन नंबुद्री कथकली शिकवत, कंदप्पा पिळ्ळै भरतनाट्यम, अमोबी सिंह मणिपुरी, आणि संगीताला साक्षात अलाउद्दीन खाँ. एका विद्यार्थ्याने या सगळ्यांजवळ बसावे आणि मग स्वतःची हालचाल शोधावी, अशी तिथली रीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पैशाअभावी केंद्र बंद पडले, पण तिथून बाहेर पडलेली माणसे देशभर पांगली. गुरुदत्त पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत नृत्यदिग्दर्शक म्हणून आले ते अल्मोड्याहूनच. सचिन शंकर, नरेंद्र शर्मा, प्रभात गांगुली हे सगळे त्याच मुशीतले. आणि त्याच मुशीत होते शांती बर्धन.

अंधेरीचा बंगला

शांती बर्धन यांचा जन्म १९१६ सालचा, आज बांगलादेशात असलेल्या कोमिल्ल्याचा. त्रिपुरा आणि मणिपूरच्या नृत्यांत त्यांचे शरीर घडले होते. अल्मोड्यानंतर ते मुंबईला आले ते इप्टासाठी.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने देशातला संवेदनशील माणूस हादरला होता. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा, स्थापन झाली. नगारा वाजवणाऱ्या माणसाचे तिचे बोधचिन्ह चित्तप्रसाद यांनी काढलेले. कामगार वस्त्यांत शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची डफ-तुणतुणी घुमत होती तो हा काळ. इप्टाने अंधेरीत एक मध्यवर्ती पथक उभारले. निरनिराळ्या प्रांतांतले तरुण-तरुणी तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि दिवसभर सराव करत. शांती बर्धन त्या पथकाचे नृत्यदिग्दर्शक. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इमॉर्टल’ ही नृत्यनाट्ये तिथेच आकाराला आली. तरुण रविशंकर तिथे संगीताच्या बाजूला होते. याच पथकात मुंबईच्या गुल झवेरी नावाच्या एक गुजराती तरुणी दाखल झाल्या. पुढच्या साऱ्या कथेत त्यांचे नाव गुल बर्धन असे येणार आहे.

पथक विसर्जित झाल्यावर यातल्या काहींनी पंडित नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथावर नृत्यनाट्य उभे केले. ग्रंथ १९४६ चा, नृत्यनाट्य १९४७ चे. इंडियन नॅशनल थिएटरने ते रंगमंचावर आणले आणि संगीत रविशंकरांचे होते. त्या वर्षांत मुंबईत नृत्यनाट्याला जी भरती आली होती, तिच्यात आपली मराठी माणसेही होती. कोकणातून आलेले पार्वतीकुमार पुढे ‘देख तेरी बंबई’सारखे नृत्यनाट्य बसवणारे, आणि त्यानंतर सरफोजीराजांच्या तंजावरी रचनांचा शोध घेऊन भरतनाट्यमचे गुरू म्हणून उभे राहिलेले. रंगमंच गाजवून झाल्यावर शाळा काढून शिकवत बसण्याची ही वृत्ती त्या पिढीत वारंवार दिसते.

स्थापना : १९५२

शांतीदांना क्षयाने गाठले. त्या काळात क्षय म्हणजे महिनोन्‌महिने अंथरूण, शस्त्रक्रिया, आणि नर्तकाच्या बाबतीत कारकिर्दीचा शेवट. आजारातून ते उठले, पण रंगमंचावर उभे राहून नाचायची ताकद गेली होती. नर्तकाचा श्वासच तोकडा झाला, तर त्याच्याजवळ काय उरते?

लिटल बॅले ट्रूपची स्थापना हे या प्रश्नाला शांतीदांनी दिलेले उत्तर आहे. १९५२ साली मुंबईत, अंधेरीला, काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी हा छोटासा संच उभा केला. बरोबर गुल होत्या. वेश आणि मुखवट्यांसाठी अप्पुण्णी कर्ता होते. थोड्याच काळात प्रभात गांगुली या संस्थेचा कणा बनले. नावात ‘लिटल’ होते आणि संच खरोखरच लहान होता. मोठ्या नावांचा नर्तक-नर्तकींचा ताफा नाही, राजाश्रय नाही, सिनेमाचा पैसा नाही.

या संस्थेचा इतिहास वाचताना मी दरवेळी इथे थांबते. बहुतेक नृत्यसंस्था एखाद्या गाजलेल्या नर्तकाभोवती उभ्या राहतात. तो नाचतो, लोक बघायला येतात, मग शिष्य जमतात. इथे संस्थापकाला नाचता येत नव्हते. आपल्या डोक्यातली प्रत्येक हालचाल त्यांना दुसऱ्याच्या अंगात उतरवावी लागली. म्हणून शिकवणे हे या संस्थेचे दुय्यम काम कधीच नव्हते. पहिल्या दिवसापासून ती शिकवण्यातूनच उभी राहिली.

रामायण

१९५३ साली संस्थेचे ‘रामायण’ रंगमंचावर आले. आजही लिटल बॅले ट्रूप म्हटले की जाणत्या रसिकाला प्रथम आठवते ते हेच नृत्यनाट्य.

त्यातली कल्पना वरवर साधी आहे. गावातल्या जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चालू आहे, आणि त्या बाहुल्या रामायण करून दाखवताहेत. बाहुल्या म्हणून रंगमंचावर हाडामांसाचे नर्तक. राम, सीता, रावण, हनुमान, सगळे लाकडाचे असल्यासारखे हलतात. वेश ताठ, कोनदार. चेहऱ्यावर मुखवटे. नर्तकाचे हुकमी हत्यार म्हणजे चेहऱ्यावरचा अभिनय, तोच काढून घेतलेला. उरले ते सांधे : मान, खांदा, कोपर, मनगट, गुडघा. त्यांतून सीतेचे दुःख आणि रावणाचा माज दाखवायचा. संगीत सरोदवादक बहादूर खाँ यांचे.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्यांचा आणि चित्रकथीचा खेळ करत आले आहेत, आणि त्यांच्या पोथ्यांतल्या कथा रामायण-महाभारताच्याच. त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लाकडाची बाहुली माणसासारखी हलली की पिंगुळीचा प्रेक्षक थक्क होतो. शांतीदांनी उलट दिशेने वाट काढली. त्यांनी माणसाला लाकडासारखे हलवले, आणि प्रेक्षक त्या लाकडासाठी रडला.

ही शैली कुठून सुचली असेल, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. लोककलांचे वेड तर त्यांना होतेच. पण शिकवणारी बाई म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. बाहुलीची हालचाल सुट्या सुट्या भागांत सांगता येते. आधी कोपर उचल. थांब. आता मनगट. थांब. आता मान डावीकडे. ज्याला स्वतः करून दाखवता येत नाही त्यालाही ही हालचाल बोलून, बोटांनी खुणावून, ताल धरून शिकवता येते. आजारी शरीराने ही शैली शोधली असावी, ही माझी समजूत आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. शरीराची मर्यादा तिथे रचनेचे व्याकरण झाली.

त्यात सामूहिक शिस्तही मुरलेली आहे. बाहुल्यांच्या खेळात एक बाहुली क्षणभर माणसासारखी सैल पडली, तर सगळा भास मोडतो. मागच्या रांगेत नुसत्या उभ्या असलेल्या नर्तकालाही रामाइतकेच लाकूड व्हावे लागते. म्हणून या नृत्यनाट्यात लहान भूमिका अशी नाहीच.

१९५४ आणि पंचतंत्र

संस्थेला दोन वर्षे होतात न होतात तोच, सप्टेंबर १९५४ मध्ये शांती बर्धन गेले. वय अवघे ३८. त्यांची दुसरी आणि शेवटची मोठी रचना म्हणजे ‘पंचतंत्र’. तिची कथा मित्रलाभाची : कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या मैत्रीची. पारध्याच्या हाती सापडलेल्या मित्राला बाकीचे आपापल्या बळाने सोडवतात. उंदराला दात आहेत, कावळ्याला पंख, हरणाला वेग. कासवाकडे यातले काही नाही, तरी ते मित्रासाठी निघतेच. प्राणी-पक्ष्यांच्या चालींचे बारीक निरीक्षण करून ते नर्तकांच्या अंगी आणणे, हे या रचनेचे मर्म आहे.

संस्थापक गेल्यावर राहिलेल्या लहानशा संचाची अवस्था त्या कथेतल्या मित्रांपेक्षा वेगळी नव्हती. घरात पैसा नाही, डोक्यावर मोठा माणूस नाही. अशा वेळी संच फुटतात. कुणी सिनेमात जातो, कुणी गावी परततो. लिटल बॅले ट्रूप फुटला नाही. संस्थेची धुरा गुल बर्धन यांनी घेतली आणि नव्या रचनांची बाजू प्रभात गांगुली यांनी सांभाळली. ‘रामायण’ आणि ‘पंचतंत्र’ देशभर फिरली, परदेशांतही गेली, आणि ‘लिटल’ नावाच्या या संचाने भारतीय नृत्यनाट्याचे नाव मोठे केले.

शांतीदांना आपल्या संस्थेबरोबर मिळाली ती जेमतेम दोन वर्षे. गुलदींनी ती सांभाळली ५६ वर्षे. संस्थेचा इतिहास लिहिताना संस्थापकाचे पान मोठे होते आणि सांभाळणाऱ्याचे लहान, असे बहुधा घडते. या लेखात तरी तसे होऊ नये.

ग्वाल्हेर

साठच्या दशकात संस्थेने मुंबई सोडली आणि ती ग्वाल्हेरला आली. मुंबईत जागेची टंचाई तेव्हाही होती. नृत्यसंचाला तर मोकळी जमीन लागते, रोज आठ-दहा तास वापरता येईल अशी. मुखवटे, वेश, पडदे, वाद्ये ठेवायला जागा लागते. आणि नर्तकांना एकत्र राहता आले, तर सराव निराळाच होतो. मध्य प्रदेशात हे मिळू शकले.

ग्वाल्हेर म्हणजे ख्याल गायकीचे माहेर आणि शिंद्यांची राजधानी. कृष्णराव शंकर पंडितांसारखे गवई तिथे हयात होते, आणि लष्कर भागातल्या गल्ल्यांतून मराठी सहज ऐकू येई. नर्तकांचा हा संच त्या गायनाच्या गावात राहिला, वाढला. ‘रंगश्री’ हे नावही पुढे मूळ नावाशी जोडले गेले आणि संस्था रंगश्री लिटल बॅले ट्रूप झाली. महानगर सोडले की कलावंत संपतो, असे म्हणणाऱ्यांना या संस्थेने आपल्या वागण्यानेच उत्तर दिले.

भोपाळ

ऐंशीच्या दशकात संस्था भोपाळला आली. तेव्हाचे भोपाळ आठवणारे ज्येष्ठ आपल्या कॉलनीत अजून आहेत. त्यांच्यापैकी काहींचे वडील १ नोव्हेंबर १९५६ नंतर, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ ठरल्यावर, नागपूरच्या सचिवालयातून फायलींबरोबर इथे आले. काही जण भेलच्या नोकरीसाठी आले आणि पिपलानी-बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहिले. राजधानी होऊन पंचवीस वर्षे झाली तरी हे गाव सरकारी कचेऱ्यांचे आणि कारखान्याचेच वाटत होते.

मग १३ फेब्रुवारी १९८२ रोजी श्यामला हिल्सवर भारत भवन उघडले. चार्ल्स कोरिया यांनी ते टेकडीच्या उतारात असे बसवले की वरून पाहिले तर इमारत दिसतच नाही, दिसतो तो तलाव. तिथल्या रंगमंडळाची सूत्रे ब. व. कारंत यांच्याकडे आली. ध्रुपद केंद्रात झिया फरीदुद्दीन डागर शिकवू लागले. चक्रधर नृत्य केंद्रात रायगढ घराण्याचे कथक सुरू झाले. खजुराहोचा नृत्योत्सव १९७५ पासून चालूच होता. या बहराच्या दिवसांत रंगश्री लिटल बॅले ट्रूपला श्यामला हिल्सवर घर मिळाले, आणि अंधेरीहून निघालेला हा संच स्थिरावला.

याच दशकात, १९८४ च्या डिसेंबरातल्या दोन आणि तीन तारखांच्या मधल्या रात्री, या शहरावर काय कोसळले ते इथे पुन्हा सांगायला नको. त्यानंतरच्या भोपाळमध्ये नाटक करणे, नाच शिकवणे, मुलांना मंचावर उभे करणे याला निराळा अर्थ आला. ज्या गावाचे नाव जगभर मृत्यूशी जोडले गेले, तिथे रोज सकाळी कुणीतरी मुलांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होते. नृत्याचा पहिला धडा श्वासाचाच असतो, आणि ही संस्था काढली तीही श्वास गमावलेल्या माणसाने. हे आठवले की मला श्यामला हिल्सचा रस्ता चढताना नेहमी थोडे थांबावेसे वाटते.

भोपाळला आल्यावर संस्थेचे काम आपल्या नृत्यनाट्यांपुरते राहिले नाही. तिचा मंच शहरातल्या नाट्यसंस्थांना, तरुण दिग्दर्शकांना, हौशी संचांना तालमीसाठी आणि प्रयोगांसाठी उपलब्ध झाला. आज भोपाळमध्ये नाटक करणाऱ्या क्वचितच कुणाचा पाय त्या जागेला लागला नसेल.

गुलदी

भोपाळने त्यांना गुलदी म्हटले. मुंबईच्या गुजराती घरातली मुलगी, बंगाली नर्तकाशी लग्न, आणि आयुष्याचा मोठा भाग हिंदी मुलखात. कुठल्याच प्रांताच्या चौकटीत न मावणारे हे आयुष्य संपूर्णपणे एका संचाला वाहिलेले होते.

नृत्यनाट्याची एक अडचण अशी की ते कागदावर राहत नाही. नाटकाची संहिता असते, गाण्याची बंदिश असते. नृत्यरचना राहते ती नर्तकांच्या अंगात, आणि नर्तक म्हातारे होतात. १९५३ चे ‘रामायण’ पुढच्या पिढ्यांना पाहता यावे, तर दर आठ-दहा वर्षांनी ते नव्या शरीरांत पुन्हा रुजवावे लागते. नवा राम, नवी सीता, नव्या वानरसेनेला पुन्हा पहिल्या कोपरापासून सुरुवात. हे काम गुलदींनी अर्धशतकाहून अधिक काळ केले. शांतीदांवरचा ‘रिदम इनकार्नेट’ हा स्मृतिग्रंथ त्यांनी १९९२ साली संपादित केला. पण त्यांचा खरा ग्रंथ त्यांच्या विद्यार्थ्यांच्या सांध्यांत लिहिला गेला.

संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराने त्यांचा सन्मान झाला. २०१० साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला, वयाच्या ८२ व्या वर्षी, भोपाळमध्येच त्यांनी देह ठेवला. संस्था मात्र थांबली नाही, हीच त्यांच्या शिकवण्याची पावती.

आपल्या वर्गाला मिळालेला वारसा

एवढ्या मोठ्या संस्थेच्या इतिहासात सामुदायिक भवनातल्या आपल्या वर्गाचा उल्लेख करणे धाडसाचे आहे. तरीही करते, कारण संस्थेचा इतिहास वाचायचा तो त्यातून काही उचलण्यासाठी.

मी वर्ग सुरू केला तेव्हा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी दहा-बारा मुली होत्या. गाणे लावायचे, हावभाव बसवायचे, पुढच्या रांगेत चांगल्या नाचणाऱ्या, मागच्या रांगेत बाकीच्या. दरवर्षी कुणीतरी रडत घरी जाई. पालक विचारत, ‘ताई, आमची कधी पुढे येणार?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते.

‘रामायणा’ची शैली समजून घेतल्यावर मी एक खेळ सुरू केला. आम्ही त्याला ‘दोरी’ म्हणतो. प्रत्येक मुलाच्या मनगटाला अदृश्य दोरी बांधलेली आहे असे धरायचे. समोरचा जोडीदार ती ओढतो, तसे मनगट उठते, मग कोपर, मग खांदा. दोरी सैल सोडली की हात पडतो. पाडायचा नाही, आपोआप पडू द्यायचा. सात वर्षांच्या मुलापासून सोळा वर्षांच्या मुलीपर्यंत सगळे हे करतात. यात पुढची रांग नसते. ज्याची दोरी खोटी, तो मागे उभा असला तरी लगेच दिसतो. मुलांनाच ते कळते आणि ती आपसांत एकमेकांना सुधारतात. ज्या मुलाचा पाय लहानपणीच्या आजाराने अधू आहे, तो वर्गातला सगळ्यात उत्तम दोरी ओढणारा आहे. त्याच्या बोटांकडे बघून बाकीची मुले हलतात.

पावसाळ्यात आम्ही पंचतंत्राकडे वळतो. प्रत्येकाने आठवडाभर एका पक्ष्याकडे किंवा प्राण्याकडे बघायचे. कॉलनीतल्या कबुतरांकडे, भिंतीवरच्या सरड्याकडे, गच्चीत येणाऱ्या कावळ्याकडे. शनिवारी येऊन त्याची मान कशी वळते तेवढेच करून दाखवायचे. अख्खा कावळा करायचा नाही. फक्त मान. आठवडाभर एका मानेकडे बघितलेले मूल पुढे माणसांकडेही नीट बघू लागते, हा माझा अनुभव आहे.

पालकांना आता उत्तर देता येते. मूल पुढच्या रांगेत कधी येईल ते मी सांगू शकत नाही. पण ते दुसऱ्या मुलाला शिकवू लागले की ते तयार झाले, असे समजा. दहावी-बारावीच्या मुली आठवड्यातून एक दिवस लहानांचा वर्ग घेतात. स्वतः न नाचता, भिंतीला टेकून बसून, फक्त शब्दांनी आणि टाळीने शिकवायचे, असा नियम आहे. सुरुवातीला त्यांना तो जाचक वाटतो. चार-सहा महिन्यांत त्यांचे स्वतःचे नाचणे बदललेले दिसते, कारण जे सांगायचे ते आधी स्वतःला स्पष्ट व्हावे लागते.

समारोप

लिटल बॅले ट्रूपच्या वाटचालीत गर्दीची, गौरवाची वर्षे आली, तशी ओढगस्तीचीही आली असणार. कुठल्याही नृत्यसंस्थेला ती चुकत नाहीत. पण अंधेरीत सुरू झालेली साखळी तीन गावे आणि तीन-चार पिढ्या ओलांडून अखंड राहिली, ती मिळालेले अंगात ठेवून पुढच्याच्या अंगात घालणाऱ्या माणसांमुळे. शांतीदा, गुलदी, प्रभातदा, अप्पुण्णी कर्ता ही नावे आपल्याला माहीत आहेत. वानरसेनेत, बाहुल्यांच्या मागच्या रांगेत, वेशांच्या पेट्या उचलण्यात ज्यांची वर्षे गेली त्या असंख्य नर्तक-तंत्रज्ञांचे ऋण या स्मरणिकेच्या निमित्ताने आपण सारे आदराने मान्य करू या.

वाचकांना एक विनंती आहे. अवधपुरीहून श्यामला हिल्सला जायला शहर आडवे ओलांडावे लागते, रविवारीही पाऊण-एक तास सहज जातो. तरी मुलांना घेऊन एकदा जा. २०२७ च्या अमृतमहोत्सवाची वाट बघू नका. आपल्या वर्गातली मुले या हिवाळ्यात जाणार आहेत. निघण्याआधीची तालीम ठरली आहे : सगळ्यात धाकटी मुलगी, वय वर्षे सात, भिंतीला टेकून बसणार आणि ताईला, म्हणजे मला, दोरीचा खेळ शब्दांनी शिकवणार.